मिरजेत इतिहासफेरी आणि बैठक: एका संध्याकाळची पूर्ण आखणी

शहराच्या जुन्या भागातून फेरी काढायची आणि शेवटी गाण्याची बैठक ठेवायची, असे कार्यक्रम आता बऱ्याच गावांत होऊ लागलेत. त्यांच्या पहिल्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हमखास हाच असतो: गायला कोणाला बोलवायचं? माझ्या मते हा प्रश्न फार नंतर यायला हवा. आधी जागा ठरवावी, मग त्या जागेत राहणारी आणि काम करणारी माणसं गाठावीत, मग गोष्ट जुळवावी आणि त्यानंतर गवयाला फोन करावा. उलट क्रमानं गेलात तर हाती एक बरी मैफल लागते, पण ती कुठल्याही गावातल्या कुठल्याही हॉलमध्ये झाली असती.

इथे मिरजेचं उदाहरण घेतलंय. सतार-तानपुऱ्याचे कारखाने, दर्गा, जुनं नाट्यगृह आणि संस्थानी कागदपत्रं एवढं सगळं इतक्या जवळजवळ असलेलं गाव महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही. तुमचं गाव वेगळं असेल तर नावं बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

एकच धागा धरा

मिरजेबद्दल सांगण्यासारखं इतकं आहे की खरी अडचण तीच होते. भुईकोट किल्ला आहे, पटवर्धनांचं संस्थान आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं मिशन हॉस्पिटल आहे. रेल्वे जंक्शन आहे, आणि २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याच्या गाड्या इथूनच गेल्या. बालकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली म्हणून इथे आला आणि बुवांकडे गाणं शिकून विष्णु दिगंबर पलुस्कर झाला. पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते यांनीच. गायक विनायकबुवा पटवर्धन आणि गायिका हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचा. नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले तेही मिरजेतच.

हे सगळं एका फेरीत कोंबलंत तर दुसऱ्या थांब्यानंतर लोक मोबाइल काढतात. वॉनलेस हॉस्पिटल आणि रेल्वे यांची फेरी वेगळी करा. तो विषय स्वतंत्र वेळ देण्याच्या लायकीचा आहे. आपण इथे धरलेला धागा असा: वाद्य कुठे बनतं, ते कोणाच्या हातात जातं आणि त्याचा आवाज गावात कुठे घुमतो. म्हणजे सतारमेकर गल्ली, तिथून ख्वाजा शमना मीरा दर्गा आणि मग बैठक. तीन जागा पुरेशा आहेत. रस्त्यात लक्ष्मी मार्केटची इमारत लागत असेल तर पाच मिनिटं थांबा, पण तिच्यासाठी वाट वाकडी करू नका.

आधी गल्लीत जा, पत्रक नंतर

तारीख जाहीर करायच्या आत निदान दोन-तीनदा कारागिरांकडे जाऊन बसा. पहिल्या भेटीत कार्यक्रमाचा विषयच काढू नका. मिरजेतली वाद्यं बनवण्याची ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून ती सुरू झाली असं मानतात. तलवारींचा काळ संपत आला, पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता, आणि धातूकामात मुरलेले हात लाकडाकडे वळले. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या 'सतारमेकर' हे आडनाव लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर पत्रकार, विद्यार्थी, व्हिडिओवाले यांची ये-जा वाढली आहे. त्यामुळे 'आम्ही आलो, फोटो काढले आणि गेलो' ही जात कारागिरांना चांगली ओळखता येते. तुम्ही त्यातले नाही हे पटायला वेळ द्यावाच लागतो.

कारखान्यात काय चाललंय ते नीट बघा, कारण फेरीत लोकांना हेच दाखवायचंय. भोपळे बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या पट्ट्यातून येतात. ते वाळवायचे, कापायचे, आतून साफ करायचे. मग गळा, दांडी, तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण), खुंट्या, घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती पट्टी). सतार असेल तर पडदे आणि तरफाही (मुख्य तारांबरोबर आपोआप घुमणाऱ्या खालच्या तारा). सगळ्यात शेवटी जवारी लावणं. तार घोडीच्या पृष्ठभागाला किती अंतर आणि किती हलकी घासली म्हणजे आवाज खुलतो, हे कानसेनं थोडं थोडं घासून आणि कानानं ऐकून ठरवतात. दहा मिनिटांत एकाच तारेचा आवाज बंद डब्यासारखा होता तो उघडा होताना ऐकायला मिळाला, तर त्यानंतर कोणत्याही भाषणाची गरज उरत नाही. फेरीचा मुख्य थांबा हाच ठेवा आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

पैशाचं इथेच स्पष्ट बोला. कारागिराचं काम अर्धा-पाऊण तास थांबणार आहे, तर त्याचं मानधन द्यायचं, आणि ते पाकिटात घालून त्याच दिवशी. 'तुमची जाहिरात होईल' हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. किती माणसं आत मावतील, कुठल्या वस्तूला हात लावायचा नाही, कोणता कोपरा फोटोत यायला नको, हे त्यांनाच ठरवू द्या आणि लिहून घ्या. ओल्या पॉलिशचा तानपुरा आणि कुतूहल असलेलं दहा वर्षांचं पोर यांची गाठ पडू न देणं हे तुमचं काम आहे.

दर्ग्यात जाण्यापूर्वी

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांची कबर ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संगीतसभा भरते आणि देशभरचे कलाकार तिथे सेवा म्हणून गातात-वाजवतात. याच उरुसात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाची (कबरीवर चढवायच्या चादरीची) जुनी प्रथा आहे. फेरीत सांगायला एवढं पुष्कळ आहे.

दर्गा हे प्रार्थनास्थळ आहे, थांब्यांपैकी एक 'पॉइंट' नव्हे. व्यवस्थापनाला आधी भेटून वेळ, मार्ग आणि संख्या सांगा. डोकं झाकायला रुमाल, चपला कुठे, बायकांनी कुठपर्यंत जायचं, फोटो चालतील का, आवारात उभं राहून बोललेलं चालेल का, हे सगळं तिथेच विचारा आणि फेरीच्या सुरुवातीला लोकांना सांगून टाका. गुरुवारी गर्दी असते, शुक्रवारी दुपारी नमाजाची. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी तर जाऊच नये. दर्ग्यात बोलणं दोन-तीन वाक्यांपलीकडे नको. सविस्तर गोष्ट बाहेर, रस्त्याच्या कडेला सावलीत उभं राहून सांगून मगच आत जा.

गोष्टींची पारख

स्थानिक इतिहासात सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे फार सुंदर गोष्ट. अब्दुल करीम खाँचंच घ्या. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासजवळच्या सिंगपेरुमल कोइल स्टेशनवर त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेत झालं. एवढं ठाम सांगता येतं. फलाटावर त्यांनी तंबोरा लावून घेतला, दरबारी रागात कलमा गायला आणि प्राण सोडला, ही त्यापुढची कहाणी घराण्यात आणि रसिकांत सांगतात. सांगा की! पण 'असं सांगतात' हे दोन शब्द गाळू नका. मिरजेत प्लेगनं आजारी असताना त्यांना दर्ग्यात बरं वाटलं, ही कथाही त्याच खात्यातली.

मी गोष्टींच्या तीन रांगा करते: कागद आहे ते, दोन वेगवेगळ्या घरांतून सारखं ऐकू येतं ते, आणि एकाच माणसानं सांगितलेलं. तिसऱ्या रांगेतलं फेरीत सांगायचं तर त्या माणसाच्या तोंडून, तो हजर असताना.

कागद कुठे मिळतील? सांगली जिल्ह्याचं १९६९ चं गॅझेटियर पहिलं वाचा. पटवर्धनांच्या दफ्तरासाठी वासुदेवशास्त्री खरे यांनी संपादलेले 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड आहेत. खरेशास्त्री मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत, आणि हे पहाडाएवढं काम त्यांनी नोकरी सांभाळून केलं. घरं-वाड्यांच्या मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका. आणखी एक, जुने सरकारी कागद शोधताना लक्षात ठेवा: १९४८ पर्यंत मिरज हे संस्थान होतं, १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. चुकीच्या जिल्ह्याच्या नावाखाली शोधत बसलं की काहीच हाती लागत नाही.

आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे गणेश मंडळांच्या जुन्या स्मरणिका, नाट्यप्रयोगांची हँडबिलं, लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं. एखाद्या सतारमेकराच्या जुन्या वहीत कोणी केव्हा कोणता तानपुरा नेला याच्या नोंदी सापडल्या तर ते सोनं समजा. वही घरातून बाहेर न्यायची नाही. तिथेच, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो घ्यायचे आणि त्याची एक प्रत त्या घराला द्यायची.

वयस्कर माणसांच्या आठवणी नोंदवताना 'इतिहास सांगा' म्हणू नका, माणूस भाषण करायला लागतो. 'तुमच्या लहानपणी दुकान कितीला उघडायचं', 'पहिला तानपुरा कोणासाठी केलात', 'उरुसात घरी पाहुणे कोण उतरायचे' असं विचारा. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, सुरुवातीला नाव-तारीख-जागा बोलून घ्या. ही नोंद कुठे वापरणार ते सांगून साध्या मराठीत संमतीची सही घ्या. आणि नको म्हणाल्या त्या आजी, तर नको.

तारीख आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार सगळ्यात सोयीचा. गणेशोत्सव-नवरात्रात कलाकार रिकामे नसतात, आणि मिरजेत तर अंबाबाईच्या देवळातला नवरात्र संगीत महोत्सव हा स्वतःच मोठा सोहळा आहे. त्याच्याशी स्पर्धा कशाला? मार्चपासून ऊन आणि परीक्षा. दुपारी चारला फेरी सुरू, साडेसहापर्यंत संपवून चहा, सातला बैठक, साडेनऊला शेवटचा सूर. कारागिरांची सुटी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या. बंद दाराबाहेर उभं राहून 'आत असं असं असतं' सांगण्यात काही अर्थ नाही.

परवानग्या

पोलीस ठाण्यात निदान पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्या: मार्ग, संख्या, वेळ, जबाबदार दोन व्यक्तींचे नंबर. मिरजेत ही गोष्ट औपचारिक समजू नका. २००९ च्या गणेशोत्सवात स्वागत कमानीवरच्या चित्रावरून इथे दंगल होऊन कर्फ्यू लागला होता, त्यामुळे दोन्ही समाजांच्या वस्तीतून जाणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाची माहिती पोलिसांना नीट असलेली बरी. गल्लीतल्या जाणत्या मंडळींनाही अर्जाची प्रत द्या. फ्लेक्सवर कोणाचे फोटो, हा वाद टाळायचा सोपा उपाय म्हणजे फ्लेक्सच लावू नका.

रस्ता किंवा चौक वापरणार असाल तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची परवानगी लागेल. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तेव्हा वाड्याच्या चौकात बैठक ठरवण्याआधी शेजारी काय आहे ते पायी फिरून बघा. नाट्यप्रवेश करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. नुसती पदं गायची असतील तर तो मुद्दा येत नाही.

हक्कांबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा अजिबात विचार करत नाहीत. लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल गेले १९१६ ला, काकासाहेब खाडिलकर १९४८ ला. त्यांची पदं आता सगळ्यांची. भास्करबुवा बखले १९२२ ला गेले, गोविंदराव टेंबे १९५५ ला. त्यांच्या चालींनाही अडचण नाही. मास्तर कृष्णराव मात्र १९७४ ला गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०३४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. तिकीट लावून त्या गायच्या असतील तर आधी परवाना घ्या. रागसंगीताच्या पारंपरिक बंदिशींना हा प्रश्नच नाही.

फेरी चालवताना

एका सांगणाऱ्यामागे पंचवीस माणसं, त्याहून जास्त नकोत. गल्ल्या अरुंद आहेत, दुचाक्या थांबत नाहीत आणि मागच्या रांगेला ऐकू येत नाही. जास्त नावं आली तर वीस मिनिटांच्या अंतरानं दोन गट करा. पुढे सांगणारा, मागे एक शेपटी सांभाळणारा, आणि रस्ता ओलांडताना मध्ये तिसरा. हातातला भोंगा वापरू नका. गल्लीतल्या लोकांच्या रविवारच्या दुपारी त्यांच्या खिडकीखाली ओरडण्याचा आपल्याला हक्क नाही.

प्रत्येक थांब्यावर एक दिसणारी वस्तू आणि एक प्रसंग, बस. सनावळ्या छापील कागदावर द्या. चार दिवस आधी एकदा पूर्ण मार्ग त्याच वेळी चालून बघा: ऊन कुठे येतं, गटार कुठे उघडं आहे, कुत्री कुठे बसतात, गुडघे दुखणाऱ्याला बसायला कट्टा कुठे आहे, स्वच्छतागृह कुठे आहे. शेवटचा मुद्दा आयोजक विसरतात, आणि बायका म्हणूनच पुढच्या वेळी येत नाहीत.

बैठक

आता गवयाचा फोन. शक्यतो मिरज-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातला कलाकार घ्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच असल्यानं शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या मंडळींपर्यंत पोचणं अवघड नाही. धागा लक्षात ठेवा: दुपारी ज्या कारखान्यात लोकांनी जवारी लावताना पाहिली, त्याच कारखान्याचा तानपुरा संध्याकाळी बैठकीत वाजला पाहिजे. कारागिराला पहिल्या रांगेत बसवा, आणि सत्कार करायचा तर शाल-श्रीफळावर उरकू नका. गवयाला विनंती करा की पहिली पाच मिनिटं नुसता तानपुरा छेडा आणि त्यात काय ऐकायचं ते सांगा. कार्यक्रमात इलेक्ट्रॉनिक तानपुरा ठेवलात तर आधीच्या सगळ्या खटाटोपाला काही अर्थ राहणार नाही.

कलाकाराला आधी विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण टाळू नका. पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वराला 'सा' धरून गाणार? साधारण पुरुष काळी एक-दोन, बायका काळी चार-पाचच्या आसपास गातात, आणि तानपुरा त्या मापाचा लागतो. पहिली तार पंचमाला की मध्यमाला, ते रागावर ठरेल. साथीला तबला-पेटी कोणाची, त्यांचं मानधन वेगळं ठरलंय का, जाण्या-येण्याची सोय काय, जेवण आधी की नंतर. तानपुरे तासभर आधी बैठकीच्या जागेत आणून ठेवा. जागा बदलली, हवेतला दमटपणा बदलला की तारा उतरतात, आणि पंख्याचा झोत थेट वाद्यावर येत असेल तर गवई सारखा सूर मिळवत बसतो.

साठ-सत्तर श्रोते आणि बंद दिवाणखाना असेल तर माइक लावूच नका. मोठा चौक असेल तर गळ्याला एक, तानपुऱ्याला एक, तबल्याला एक, आणि आवाज फक्त शेवटच्या रांगेपर्यंत. ध्वनिव्यवस्थावाल्याला 'लग्नासारखा नको' एवढं सांगितलं तरी पुष्कळ. सतरंज्या, त्यावर पांढरी चादर, मागच्या बाजूला पंधरा-वीस खुर्च्या. मंच एक फूट उंच पुरतो. प्रास्ताविक चार मिनिटं. पाहुण्यांची भाषणं अजिबात नकोत; यावरून समितीत भांडण होईल, ते होऊ द्या.

पैसे

खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा माणसांचा असावा: गवई, साथीदार, कारागीर, आठवणी सांगायला आलेले लोक. उरलेला जागा, सतरंज्या, आवाज, चहा, छपाई यांत जातो. फेरीला शुल्क ठेवा, गल्लीतल्या रहिवाशांना फुकट. बैठक सगळ्यांना मोकळी ठेवता आली तर उत्तम. चौकातून वर्गणी गोळा करणार असाल आणि तुमची नोंदणीकृत संस्था नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे आधी जावं लागतं. हे त्रासाचं वाटत असेल तर गावातल्या एखाद्या वाचनालयाबरोबर किंवा जुन्या मंडळाबरोबर कार्यक्रम करा. त्यांच्याकडे नोंदणी आणि बँक खातं तयार असतं.

दुसऱ्या दिवसापासून

सतरंज्या आणि उसने तानपुरे परत करणं हे पहिलं काम. त्यानंतर हिशेब: जमा-खर्चाचा एक पानी तक्ता करून देणगीदारांना, कारागिरांना आणि दर्गा व्यवस्थापनालाही पाठवा. बैठकीचं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकण्याआधी गवई आणि दोन्ही साथीदारांची लेखी संमती घ्या; साथीदारांना विचारायची पद्धत आपल्याकडे नाही, ती पाडा. मुलाखतींच्या फायली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, नावात वर्ष-महिना-दिवस, जागा आणि विषय लिहा. ज्यांच्या त्यांच्या घरी एक पेनड्राइव्ह पोचता करा. आठवड्याभरात कोणी ना कोणी फोन करेल की फेरीत सांगितलेलं अमुक चुकलं, आमच्या आजोबांचं नाव असं नव्हतं. तो फोन घ्या, लिहून ठेवा, आणि त्या माणसाकडे कोणता कागद आहे ते बघायला रविवारी जा.